सनईवाल्याचे नाव
जॉर्ज हॅरिसनची ‘वंडरवॉल म्युझिक’ ही ध्वनिमुद्रिका म्हणजे परदेशी धिंगाणा, असे आमचे शिरूरचे रसिक ऐकल्यावाचूनच ठरवून मोकळे होतात. अहो, तिचा हिंदुस्थानी भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतच मुद्रित झाला! सरोद आशिष खाँचे, संतूर शिवकुमार शर्मांचे, अन् सनई शरद व हनुमान यांची. वेष्टनावर त्यांचे आडनाव ‘जदेव’ छापले आहे. आपले जाधवच असणार. अमेरिकेत ती ४९व्या क्रमांकापर्यंत चढली, विलायतेत यादीत आलीच नाही. ते असो. चुकीचे का होईना, सनईवाल्याचे नाव छापले!

गेल्या वैशाखात दौंडहून लग्नपत्रिका आली. मामा, काका, पुढारी, सारे तीत होते, वाजंत्री नव्हता. मी यजमानांना विचारले. म्हणाले, “त्याला सुपारी दिलीय की!”