लहान दुकानदार व विम्याचा करार

चिपळूणच्या बाजारपेठेंत ता. 22 जुलै 2021 रोजीं वाशिष्ठीचें पाणी शिरलें आणि कापडाचे तागे, धान्याच्या गोण्या व हिशेबाच्या वह्या यांचा एकच चिखल झाला. सांगली-कोल्हापुरानें 2019 च्या ऑगस्टांत हेंच भोगलें होतें. अशा वेळीं सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसण्याची आम्हांस संवय जडली आहे. परंतु अनुदान ही दया, विमा हा करार. दयेवर फिर्याद चालत नाहीं, करारावर चालते.

लहान धंद्यास जोगता करार मिळत नाहीं, ही तक्रार आतां पूर्वीसारखी खरी नाहीं. विमा नियामक प्राधिकरणाच्या आज्ञेनें 1 एप्रिल 2021 पासून आगीचा विमा करणाऱ्या कंपन्यांस 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' हा एकाच मसुद्याचा विमा देणें भाग पडलें आहे. एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असणाऱ्यांसाठीं तो आहे. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगा हीं संकटें त्यांत येतात. साधी चोरी येत नाहीं.

खरी मेख आहे ती रकमेंत. हप्ता वांचविण्यासाठीं 20 लाखांच्या मालाचा 10 लाखांचा विमा उतरविणारा गृहस्थ समजतो कीं, 8 लाखांचें नुकसान झाल्यास तें सगळें भरून मिळेल. मिळतात 4 लाख! निम्मा विमा, म्हणून भरपाईही निम्मी. उरलेल्या जोखमीचा धनी तो स्वतःच, असा या कराराचा न्याय आहे. वरील मसुद्यांत शेंकडा 15 पर्यंतची तूट माफ आहे, अधिक नाहीं. दिवाळीपूर्वीं दुप्पट माल भरणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. कर्जदाराची स्थिति तर याहून चमत्कारिक. बँक विमा उतरविते म्हणून तो निश्चिंत. पण तो विमा पुष्कळदां कर्जापुरताच असतो व पैसा आधीं बँकेकडे जातो. आपली पॉलिसी स्वतः वाचली आहे असें सांगणारे दुकानदार आम्हांस फारच थोडे भेटले. आणि ती वाचावी तर भाषा बहुधा इंग्रजी! हा दोष कंपन्यांचा आहे, व मराठी प्रत मागण्याचें काम व्यापारी मंडळांनीं अंगावर घेतलें पाहिजे.

शिवाय वह्याच बुडाल्यावर माल किती होता हें कशानें शाबीत करणार? खरेदीचीं बिलें व मालाची यादी यांच्या नकला दुकानाबाहेर ठेवाव्या. कंपनीनें दावा फेटाळल्यास एकल मालकीच्या व सूक्ष्म धंद्यांस विमा लोकपालाकडे दाद मागतां येते. मुंबई व पुणें येथें त्याच्या कचेऱ्या आहेत, फी नाहीं. मात्र आधीं कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते, आणि तिच्या नकारानंतर मुदत एका वर्षाची आहे.