राळेखाली पुरलेले ज्ञान

गेल्या पावसाळ्यात एका अभ्यासशिबिराच्या अखेरच्या रात्री पुण्याच्या तीन तरुणांनी एक छोटा सिंथेसायझर, ताल वाजविणारे एक यंत्र आणि गिटारवाल्यांची पाचसहा इफेक्ट्स पेडले एकमेकांना जोडून अर्धा तास वादन केले. घरघर, खरखर, मध्येच दूरच्या घंटेसारखा नाद आणि त्याखाली एक संथ ठोका. कार्यक्रम संपताच आमचे एक जुने सहकारी, ज्यांच्या त्यागाविषयी मला नितांत आदर आहे, मोठ्याने म्हणाले, "अमेरिकेतल्या श्रीमंत पोरांची ही खेळणी! यात लोकांचे संगीत कोठे आहे?" तरुण खजील होऊन वायरी गुंडाळू लागले. मी तेव्हा गप्प राहिलो. ते गप्प राहणे मला बोचते आहे, म्हणून हा लेख.

सहकाऱ्यांच्या रागाला कारण आहे. परंतु तो भलत्याच ठिकाणी निघाला. रागवायचे असेल तर त्या पेडलांच्या बाजारावर रागवावे. हा बाजार प्रयोगाचे साधन म्हणून आज जे विकतो, ते घडले मात्र बाजाराला नको असलेल्या वस्तूंतून, बिघाडातून आणि दुरुस्ती करणाऱ्या हातांतून.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गिटारच्या तारेखालील चुंबकात निर्माण होणारा क्षीण विद्युत्संकेत ध्वनिवर्धकाकडे जाताना वाटेत ज्या डबीतून जातो, ती डबी म्हणजे पेडल. पायाने दाबावयाची म्हणून पेडल. कोणती डबी आवाज फाडते, कोणती त्याचा प्रतिध्वनी उठविते, कोणती त्याचे तुकडे करून उलटसुलट फेकते. प्रतिध्वनीच्या जुन्या पेडलांतील युक्ती तर मोठी गमतीची आहे. विहिरीपासून पेटलेल्या घरापर्यंत माणसांची रांग लावून हातोहात घागरी पोचवाव्यात, तसा विद्युत्भार एका कपॅसिटरकडून दुसऱ्याकडे असा शेकडो ठिकाणी सोपविला जातो आणि तेवढ्या वेळाने आवाज बाहेर पडतो. फिलिप्सच्या संशोधकांनी ही रचना १९६९ साली मांडली आणि तिचे इंग्रजी नावही त्या बादल्यांच्या रांगेवरूनच पडले. हातोहात जाताना घागरीतले पाणी थोडे सांडते, तसा आवाजही वाटेत झिजतो. आणि आज शौकीन लोक नेमक्या त्या झिजण्यासाठी पैसे मोजतात.

आवाज फाडणाऱ्या पेडलाचा जन्म तर सरळसरळ बिघाडातून झाला. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असता मिक्सरची एक वाहिनी नादुरुस्त झाली आणि गिटारचा आवाज फाटून उमटला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ साली गाणे गाजले. ग्लेन स्नॉडी या अभियंत्याने त्या बिघाडाची नक्कल करणारे ट्रान्झिस्टरचे सर्किट बनविले आणि गिब्सन कंपनीने १९६२ साली ते 'मॅस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणले. आता या डबीतून गिटार तुतारीसारखी, चेलोसारखी वाजेल, अशी जाहिरात झाली. ग्राहकांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यात ती वाजल्यावर मागणी उसळली. पण तुतारीची नक्कल म्हणून नव्हे, त्या फाटलेल्या आवाजासाठीच.

गिटारची ही उपकरणे गिटारखेरीज वापरण्याची वाट कोणी रुळविली? जमैकात, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत, रेडिओ व ध्वनिवर्धक दुरुस्त करणाऱ्या ऑस्बोर्न रडक ऊर्फ किंग टबी यांनी दुसऱ्या स्टुडिओने काढून टाकलेला मिक्सर घेऊन तेच वाद्य बनविले. ली पेरी यांनी १९७३ साली घरामागे बांधलेल्या 'ब्लॅक आर्क' या स्टुडिओत चार ट्रॅकच्या टेपयंत्रावर काम करताना गिटार व कीबोर्डवाल्यांसाठी बनविलेल्या फेझरमधून ढोल आणि आख्खी गाणी फिरविली. त्या काळातील युरोपातील मोठ्या स्टुडिओंशी तुलना केली तर ही सामग्री किरकोळ होती. तरी आज जगभरचे इलेक्ट्रॉनिक संगीत त्या घरामागच्या खोलीचे ऋणी आहे. आमच्या सहकाऱ्यांच्या 'श्रीमंत पोरां'ची वंशावळ ही अशी आहे.

रोलंडच्या टीबी-३०३ या यंत्राची कथाही याच जातीची. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून १९८०च्या दशकाच्या आरंभी ते काढले. ते खपले नाही. १९८४ मध्ये उत्पादन बंद झाले. मोडीच्या भावात मिळते म्हणून शिकागोतील कृष्णवर्णीय तरुणांनी ते घेतले आणि त्याची बटणे भलत्याच रीतीने पिळून १९८७ साली 'अ‍ॅसिड' संगीताला जन्म दिला. पुढच्या पिढीने तेच यंत्र डिस्टॉर्शन पेडलमधून नेऊन आणखी पिसाळविले. पण त्याच यंत्रावर मुंबईत १९८२ सालीच आमच्या चरणजितसिंगांनी, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आयुष्य घालविलेल्या एका वादकाने, दहा रागांची तबकडी काढली होती. ती तेव्हा कोणी फारशी घेतली नाही. २०१० साली एका डच कंपनीने पुन्हा काढल्यावर तिचा जयजयकार झाला. पहिलेपणाच्या मानासाठी भांडण्यात मला रस नाही. आपल्या वादकाची किंमत आपल्याला डच माणसाकडून कळावी, याची मात्र लाज वाटते. आणि ज्या यंत्राला गिऱ्हाईक मिळत नव्हते, त्याच्या जुन्या नगाला आज काही हजार डॉलर पडतात.

आता बाजाराची रीत घरच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या धाकट्या भावाच्या मुलाकडे सुटे भाग जुळवून केलेला मॉड्युलर सिंथेसायझर आहे. त्याने पैसे साठवून एक पेडल घेतले आणि जोडले. आवाज गुदमरून नुसता भरडल्यासारखा येऊ लागला. मुंबईतील ज्या दुकानातून ते घेतले तेथे विचारले, तर उत्तर मिळाले, "हे गिटारचे आहे, तुम्हाला सिंथसाठीचे खास मॉडेल लागेल." किंमत तिप्पट! मुलगा हिरमुसला. आमच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, त्या डबीत वीज किती? नऊ व्होल्ट. आणि तू तिच्यात दहा व्होल्टचा आवाज कोंबतोस. फाटेल नाही तर काय होईल?" ही गोष्ट इतकी साधी आहे. गिटारचा संकेत बहुधा व्होल्टच्या काही दशांशांचा असतो. मॉड्युलर यंत्राचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा व्होल्टच्या आसपास. दोन रेझिस्टर लावून तो कमी करावा, पेडलमधून बाहेर आल्यावर पुन्हा वाढवावा. चहाच्या दोन कपांच्या पैशांत काम झाले. आता तोच बिघाड मुलगा मनात येईल तेव्हा, हवा तेवढा, मुद्दाम घडवितो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी एवढेच नोंदवितो की, येथे मागणी अज्ञानातून निर्माण होत होती आणि ते अज्ञान टिकण्यात विक्रेत्याचा फायदा होता.

या व्यवहाराचे टोक पाहावयाचे तर 'क्लॉन सेंटॉर' पाहावे. १९९४च्या सुमारास बिल फिनेगन या अमेरिकन कारागिराने हे पेडल बाजारात आणले. नग सुमारे आठ हजारच बनले. सर्किट कोणाला दिसू नये म्हणून त्याने त्यावर काळी राळ ओतली. मूळ किंमत काही शे डॉलर. आज जुना नग काही हजार डॉलरला जातो. रिकार्डोने जमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले ते या डबीला तंतोतंत लागू पडते: किंमत श्रमाची नाही, दुर्मिळतेची आहे, आणि ती खिशात घालणारा बनविणाराही नाही. फिनेगनवर माझा राग नाही. हाताने काम करणाऱ्या माणसाला मोठ्या कंपनीच्या नकलेची धास्ती वाटावी, हे समजण्यासारखे आहे. आणि या वेड्या कौतुकाचा कर्ता मी नव्हे, असे त्याने पुढच्या पेडलावर स्वतःच छापून टाकले. पण राळ टिकली नाही. हौशी लोकांनी ती खरवडली, भाग ओळखले, नकाशा काढून सर्वांना दिला. त्यात अद्भुत असे काही निघाले नाही.

'परकी' हा शब्द मला विशेष खटकतो. पेटीही परकीच होती. पायाने चालणारी युरोपीय पेटी आपल्या कारागिरांनी जमिनीवर बसून हाताने भाता मारता येईल अशी केली. ती कीर्तनात, तमाशात, नाटकात शिरली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, कारण ती म्हणे आपल्या संगीताला मारक! ती बंदी सैल व्हायला तीस वर्षे लागली. तेवढ्या काळात एकाही कीर्तनकाराने पेटी खाली ठेवली नाही.

आणि पैशाचा मुद्दा? तोशिमारू नाकामुरा हा जपानी गिटारवादक १९९०च्या दशकाच्या अखेरीस गिटार बाजूला ठेवून मिक्सरचे बाहेरचे तोंड त्याच्याच आतल्या तोंडाला जोडून वाजवू लागला. बाहेरून कोणताही आवाज आत जात नाही. यंत्राची स्वतःची कुजबुजच वाढत वाढत सूर होते. त्या वळशात एखादे साधे पेडल घातले की ती कुजबुज वळवता येते. यासाठी लागणारा जुना मिक्सर कोणत्याही मंडपवाल्याच्या अडगळीत सापडेल.

वस्तू सार्वजनिक मालकीची असली म्हणजे प्रश्न सुटतो, असेही मी मानत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. १९७२ पर्यंत मोजक्या मंडळींनी तेथे उत्तम काम केले. आणि त्या टेपा कपाटात पडून राहिल्या, त्या २०२३ साली जगापुढे आल्या. यंत्र सरकारी होते, पण हात लावण्याची मुभा किती जणांना होती?

म्हणून माझी मागणी नव्या यंत्राची नाही. आमच्या वाचनालयाच्या मागची खोली रविवारी सकाळी रिकामी असते. ते रेडिओवाले गृहस्थ यायला तयार आहेत. शिबिरात वाजविणारे ते तीन तरुणही. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणावयाचे, पेडले उघडावयाची, प्रत्येक सर्किटचा नकाशा मराठीत काढून भिंतीवर लावावयाचा. आमच्या सहकाऱ्यांनी अवश्य यावे आणि बिघाड कसा घडवतात ते स्वतः हाताने करून पाहावे. सोल्डरिंग आयर्न सध्या दोनच आहेत. तिसरे कोणाकडे पडून असेल तर घेऊन यावे.