गावच्या भट्टीवर बांधलेली गाडी बैलाच्या चालीने चालावी

पनवेल तालुक्यात भाताचे पीक घेण्यास जे श्रम पडतात, त्यांतील फार मोठा वाटा ओझी वाहण्याचा असतो. शेणखत व राबाचा पाला शेतात न्यावयाचा, रोपांच्या मुठी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात पोहोचवावयाच्या, कापणीनंतर भारे खळ्यावर आणावयाचे आणि मळणी झाली की धान्य व पेंढा घरी न्यावयाचा, ही सारी वाहतूक बांधांवरून, ओढ्यांतून व डोंगरउतारावरून करावी लागते. खाडीकडील खार जमिनीत चिखल चाक गिळतो. माथेरानच्या पायथ्याशी, धोदाणी-माळदुंगेच्या बाजूस, चढ व दगड आडवे येतात. बैलजोडी बाळगणारी घरे कमी होत चालली आहेत. चारही चाकांना जोर असलेली बाजारची गाडी एक-दोन एकरांच्या धन्यास परवडत नाही, आणि साधा टेम्पो डांबरी रस्ता सोडताच अडतो. अशा स्थितीत भंगारातील इंजिन, जुन्या जीपचा आस आणि लोखंडी चॅनेल गावच्या वेल्डिंगच्या दुकानात जोडून आपली गाडी आपणच बांधावी, असा विचार एखाद्या होतकरू शेतकऱ्याच्या मनात आला तर त्यात नवल नाही. या विचाराची थट्टा करू नये. त्यास डोळे मिटून उत्तेजनही देऊ नये.

गाडी बांधण्याची विद्या पनवेलला नवी नाही. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून आगगाडी घाट चढेपर्यंत मुंबईहून पाण्याने पनवेल बंदरात उतरावयाचे व तेथून पुण्याकडे निघावयाचे, हा नित्याचा मार्ग होता. त्या काळी पनवेलची चाके नावाजलेली होती. घाटावरून येणारा गाडीवान परत जाताना येथून चाकांची जोडी नेण्याचा प्रयत्न करी, असे जुन्या गॅझेटिअरमध्ये नमूद आहे. तुंबा, आरे व धाव यांचा मेळ बसविणाऱ्या त्या सुतार-लोहारांस आपल्या चाकावर किती भार येणार व बैल किती वेगाने चालणार, हे अचूक ठाऊक असे. वेग ठरलेला असल्यामुळे चाकाची ताकदही ठरविता येई. आज त्याच तालुक्यात कळंबोलीचा लोखंड बाजार आहे, तळोज्यास कारखाने आहेत. माल जवळ आहे, कसबी हातही जवळ आहेत. वेग मात्र ठरलेला राहिलेला नाही, आणि घरी बांधलेल्या गाडीचा खरा धोका तेथे आहे.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. २०२१ च्या अखेरीस ते आणखी एका कारणाने सर्वांच्या तोंडी झाले. तेथील एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने भंगारातील सुट्या भागांतून सुमारे ६०,००० रुपये खर्चून एक छोटी जीपसारखी गाडी बांधली. दुचाकीप्रमाणे किक मारून ती सुरू होई. मोटारउद्योगातील आनंद महिंद्र यांनी त्या कारागिराचे जाहीर कौतुक केले. ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती रस्त्यावर अडवतील, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले व तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबास मिळाली. गावास आनंद झाला, तो योग्यच होता. परंतु एका कुटुंबास तयार गाडी मिळाली म्हणून शेतात चालणाऱ्या स्वस्त गाडीचा प्रश्न सुटत नाही. त्या कारागिराच्या हातातील कसब शेतीच्या कोणत्या कामास व कोणत्या मर्यादेत लावता येईल, हा विचार त्या आनंदात मागे पडला.

ती मर्यादा वेगाची आहे. हिशेब कठीण नाही. गाडी, चालक व माल मिळून १,००० किलो वजन धरावे. पाच फुटांस एक फूट असा चढ असेल, तर ते वजन वर ओढण्यास सुमारे २०० किलोचे बळ लागते. त्यात जमीन मऊ असेल, तर चाके रुतण्यामुळे तितकेच बळ आणखी लागू शकते. म्हणजे कठीणात कठीण जागी ४०० किलोचे बळ हवे. चाकाची त्रिज्या ३० सेंटीमीटर असेल, तर आसावर १२० किलोग्रॅम-मीटर पीळ पाहिजे. आठ अश्वशक्तीचे एक सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटास २,००० फेऱ्यांवर तीनहूनही थोडा कमी पीळ देते. मधल्या दातांत व पट्ट्यात जाणारे बळ वजा जाता हा पीळ पन्नासपट करावा लागतो. पट्ट्याच्या चाकांत अडीच, गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरमध्ये चार आणि मागील आसाच्या डिफरन्शियलमध्ये पाच, असे गुणोत्तर साधले की पन्नास होतात. आता इंजिनाच्या २,००० फेऱ्यांमागे चाकाच्या ४० फेऱ्या होतील, आणि गाडी तासाला साडेचार किलोमीटर चालेल.

हा वेग बैलजोडीच्या किंवा झपाझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाहून फारसा निराळा नाही. शेतातील कामास तो पुरेसा आहे. सपाट जागी दुसऱ्या गिअरवर तासाला नऊ-दहा किलोमीटर मिळतील. त्याहून वरचे गिअर पडूच नयेत अशी दांडीला पट्टी मारून सोय करावी, व इंजिनाच्या गव्हर्नरला सील लावावे. पुष्कळांस हे विचित्र वाटेल. गाडी बांधावयाची आणि तिला पळू द्यावयाचे नाही, हे तरुणांच्या गळी उतरणे कठीण असते. पण दहाच्या वेगाने चाललेली गाडी चाळीसच्या वेगाने नेली, तर ती थांबविण्यासाठी ब्रेकला चौपट नव्हे, सोळापट शक्ती जिरवावी लागते. घरी जोडलेला ब्रेक, घरी वाकविलेली स्टिअरिंगची दांडी आणि घरी जोडलेली चेसिस यांच्याकडून ती अपेक्षा करणे म्हणजे आपला व दुसऱ्याचा जीव टांगणीला लावणे होय.

कमी वेगामुळे खर्चही उतरतो. चेसिस हलकी चालते व स्प्रिंग साध्या चालतात. चिखलासाठी टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते. माल मात्र जोर असलेल्या चाकांवर येईल असा भरला पाहिजे; इंजिनाने बळ दिले तरी जमिनीने चाक धरले नाही, तर ते जागच्या जागी फिरते.

कोणता भाग गावात बनवावा व कोणता बनवू नये, याबाबत वेल्डिंगवाल्यांत फार सैल समजुती आहेत. मालाचा साटा, त्याची फळी, चालकाच्या डोक्यावरची कमान, इंजिनाची बैठक, चिखलरोधक पत्रे, ओढण्याचा हूक, हे सर्व साध्या लोखंडाच्या चॅनेल-अँगलमध्ये उत्तम होते व आपल्याकडील कारागीर ते कारखान्याच्या तोडीचे करतात. स्टिअरिंगची पेटी व दांड्या, आसाचे शाफ्ट, हब आणि ब्रेकचे ड्रम मात्र मूळ गाडीचेच, तपासून घेतलेले, अखंड असावेत. तुटलेली स्टिअरिंग दांडी वेल्डिंगने सांधून पुन्हा बसविणे हा शुद्ध वेडेपणा आहे. पाट्यांचे पोलाद कडक असते. त्यावर वेल्डिंग केले की सांध्याशेजारची जागा ठिसूळ होते आणि एखाद्या खड्ड्यात पाटा तेथेच तुटतो. पाटे नेहमी पट्ट्या व बोल्ट यांनीच आवळावेत. कोकणच्या हवेत वेल्डिंगच्या कांड्या ओल धरतात व ओल्या कांडीने मारलेल्या सांध्यात छिद्रे राहतात. वरून सांधा सुबक दिसतो, आत पोकळ असतो. खार जमिनीतून आलेली गाडी गोड्या पाण्याने धुतली नाही, तर दोन पावसाळ्यांत चेसिसच्या पोकळ भागांना गंज आतून खातो. म्हणून नळीपेक्षा उघडे चॅनेल बरे. त्यात गंज दिसतो तरी.

मागील दोन चाकांतील अंतर १२० सेंटीमीटर असून मालासह गाडीचा भारमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर असेल, तर उभी गाडी ४५ अंशांपर्यंत कलूनही उलटत नाही. त्याच गाडीवर पेंढ्याचे उंच ओझे रचून भारमध्य एक मीटरवर नेला, की हीच मर्यादा सुमारे ३१ अंशांवर येते. एका बाजूचे चाक ४० सेंटीमीटर उंचीच्या बांधावर चढले तर गाडी जवळजवळ २० अंश कलते. उरलेल्या अकरा अंशांत गाडीचा हिसका, मऊ जमीन आणि चालकाची घाई हे सारे बसवावयाचे असते. पेंढा हलका म्हणून कितीही उंच रचला तरी चालतो, हा समज किती महागात पडू शकतो, ते यावरून दिसेल. साटा बुटका व रुंद करावा, आणि डोक्यावरची कमान पैसे वाचविण्यासाठी कधीही गाळू नये.

आता रस्त्याचा प्रश्न. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी व विमा नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. नोंदणीसाठी वाहनाचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्य संस्थेने तपासून मंजूर केलेला असावा लागतो. एकच गाडी बांधणाऱ्या लोहारास तो खर्च झेपणारा नाही. नोंदलेल्या जुन्या जीपची मूळ रचना बदलून काम साधावे, तर तीही वाट बंद आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार नोंदणीस पात्र नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. विमा नसताना अपघात झाला, तर भरपाईचा बोजा थेट मालकावर येतो. साठ हजारांच्या गाडीपायी जमीन विकण्याची पाळी येऊ शकते.

यावर शेतकरी विचारतात की, शेत एका बाजूस व बाजार दुसऱ्या बाजूस असताना रस्ता टाळावयाचा कसा? ही अडचण खरी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. त्यावर आज एकच व्यवहार्य उपाय दिसतो. घरच्या गाडीने माल शेतातून रस्त्याच्या कडेपर्यंत आणावा व तेथून नोंदणी असलेल्या टेम्पोत भरावा. दोनदा चढ-उतार करण्याची मेहनत वाढते, हे कबूल केले पाहिजे. साट्याची उंची टेम्पोच्या फळीइतकी ठेवली व भाजी क्रेटमध्ये भरली, तर ती मेहनत बरीच कमी होते. मात्र साटा तेवढा उंच नेल्यास चाकांतील अंतरही वाढवावे लागेल.

गावपातळीवरील कार्यकर्ते अशी गाडी दिसली की एकतर तिचा फोटो काढतात, नाहीतर मनाईचा नियम सांगून मोकळे होतात. दोन्हींनी कारागिराच्या हाती काही पडत नाही. सौराष्ट्रात, अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकलच्या मागील बाजूस दोन चाके व शेतीची अवजारे जोडून ‘बुलेट सांती’ तयार केली. पुढे जाणकारांच्या साह्याने तिला पेटंटही मिळाले. ते यंत्र शेताचे अवजार म्हणून बांधले गेले व अवजार म्हणूनच लोकांनी ते स्वीकारले. घरच्या गाडीकडेही नांगर-कोळप्याच्या नात्याने पाहिले, तर तिला मार्गदर्शन करणे विस्तारसेवेच्या कक्षेत सहज बसते.

पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, कर्जतला भात संशोधनाचे केंद्र आहे आणि दापोलीच्या विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. या तिघांनी मिळून वर्षातून एक दिवस तालुक्यातील अशा गाड्यांसाठी राखून ठेवण्यास फार मोठी तरतूद लागणार नाही. गाड्या रस्त्याने चालवीत न आणता टेम्पोत घालून आणाव्यात. पूर्ण भरलेली गाडी दहाच्या वेगात दोन मीटरच्या आत थांबते की नाही, वाळूची पोती भरून व चालकाविना, वरच्या अंगास दोर बांधून कलविली असता किती अंशांवर चाक उचलते, आणि स्टिअरिंगमध्ये कोठे वेल्डिंग आहे काय, एवढे तीन मुद्दे तपासून त्यांची नोंद मालकास लेखी द्यावी. दोष दिसेल तेथे गाडीबरोबर ती जोडणाऱ्या वेल्डिंगवाल्यासही बोलावून दाखवावा, कारण पुढची गाडी तोच बांधणार आहे. हे काम वैशाखापूर्वी उरकले पाहिजे. एकदा खाचरांत पाणी उभे राहिले की गाडी सोडवून दुरुस्त करण्यास ना शेतकऱ्यास सवड असते, ना लोहारास.