कांद्याचे पहिले पन्नास दिवस

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा विषय निघाला की बोलणे लगेच भौगोलिक मानांकनाकडे, पोयनाड-वडखळच्या रस्त्यावर टांगलेल्या माळांकडे आणि यंदाच्या भावाकडे वळते. मानांकन मिळाले याचा आम्हालाही आनंद आहे. पण कार्ले, खंडाळे, नेहुली, तळवलीच्या शेतांत या पिकाचे बरेवाईट फेब्रुवारीच्या काढणीत ठरत नाही. रोपवाटिकेचे पाच-सहा आठवडे आणि लावणीनंतरचे पंधरा दिवस यांतच ते ठरून जाते, आणि नेमक्या याच दिवसांवर आपण सर्वांत कमी बोलतो. म्हणून यंदाचे संपादकीय त्यांच्यासाठी.

आपला कांदा भाताच्या खाचरात येतो, ही त्याची पहिली अडचण. पावसाळ्यात चिखलणी करून आपण मुद्दाम मातीचे कण मोडतो, पाणी मुरू नये म्हणून खाली घट्ट थर तयार करतो. भाताला ते हवेच असते. कांद्याला मात्र भुसभुशीत, निचऱ्याची माती लागते आणि तीही त्याच खाचरात, महिन्याभराच्या आत. ओलीत नांगर घातला तर माती लगदा होऊन बसते. चार दिवस उशीर झाला तर अशी ढेकळे निघतात की फोडता फोडता मजुरीच परवडत नाही. मधला वाफसा चार-सहा दिवसांचा. तो चुकला की पुढे खत, पाणी, फवारणी काहीही केले तरी मुळे वरच्या दोन इंचांतच घुटमळतात.

हा वाफसा आता पुढे सरकतो आहे. हवामान खात्याने 2020मध्ये मोसमी पावसाच्या परतीच्या तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईची 29 सप्टेंबर ही तारीख 8 ऑक्टोबर झाली. त्यात अवकाळीची भर. डिसेंबर 2021च्या पहिल्याच दोन दिवसांत किनाऱ्यावर झालेला पाऊस अनेकांच्या लक्षात असेल. दुसऱ्या टोकाला उन्हाळा आधीच येऊन उभा. 28 मार्च 2017 रोजी आपल्याच जिल्ह्यात भिरा येथे 46.5 अंशांची नोंद झाली होती. दोन्ही बाजूंनी हंगाम असा आखडत असताना लावणी जानेवारीत गेली, तर गाठ पोसण्याचे दिवस उन्हात सापडतात आणि कांदा बारीक राहतो.

यावर आमचे मत स्पष्ट आहे: कांद्याची पहिली तयारी जूनमध्ये, भाताची जात निवडताना होते. हळवे भात 90 ते 115 दिवसांत निघते, गरव्याला 135च्या पुढे लागतात. ज्या खाचरात कांदा घ्यायचा तिथे गरवे लावणे म्हणजे वाफसा हातचा घालवणे. अगदी हळवे लावले तर ते परतीच्या पावसात सापडून आडवे होण्याची भीती असते, हेही खरे. म्हणून कांद्याच्या खाचरांत निमगरवे आणि गरवे बाकीच्या खाचरांत, अशी वाटणी आम्हाला शहाणपणाची वाटते. थोडे भात कमी आले तरी चालेल.

रोपवाटिकेने भाताच्या कापणीसाठी थांबायचे कारण नाही. घराजवळच्या उंच, वरकस जागेवर 10 ते 15 सेंटिमीटर उंचीचे, मीटरभर रुंदीचे गादीवाफे करावेत. एका हेक्टरच्या लावणीला पाच गुंठ्यांची रोपवाटिका पुरते, म्हणजे आपल्या दहा-वीस गुंठ्यांच्या कांद्याला अर्धा ते एक गुंठा पुरे. एवढ्याशा जागेवर कमानी लावून पाऊस आला की प्लास्टिक ओढता येते, उघडीप मिळताच काढता येते. बी फेकू नये. ओळीत, एक ते दीड सेंटिमीटर खोल टाकावे. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून वाफ्यात घालावे. दाट फेकलेल्या, सपाट, ओल्या वाफ्यात रोपे जमिनीलगत कुजून रात्रीत आडवी होतात. त्या मरीला नंतरच्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. शक्य असेल त्यांनी सगळे बी एकाच दिवशी न टाकता दहा दिवसांच्या अंतराने दोन वेळा टाकावे. एक वाफा अवकाळीत गेला तर दुसरा हाताशी राहील.

आता बियाण्याविषयी, कारण सगळ्यांत जास्त काळजी आम्हाला त्याचीच वाटते. कांद्याचे बी अल्पायुषी. आपले घरचे बी उन्हाळ्याच्या तोंडाशी तयार होते आणि पेरणीपर्यंत कोकणचा अख्खा पावसाळा घरात काढते. त्या दमट हवेत नीट न वाळवलेले, कापडी पिशवीत ठेवलेले बी ऑक्टोबरपर्यंत निम्मे मेलेले असू शकते. मे महिन्यातच सावलीत नीट वाळवून हवाबंद डब्यात ठेवावे आणि पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवून बाराव्या दिवशी मोजावेत. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण 70 टक्के धरली आहे. त्याखाली उतरलेले बी जास्त टाकून भागवू नये, कारण उशिरा उगवणारे रोप शेवटपर्यंत मागेच राहते. दुसरे म्हणजे कांद्याचे परागीभवन मधमाश्या करतात. शेजारच्या वावरात लाल कांदा फुलला असेल तर आपल्या पांढऱ्याची शुद्धता गेली. प्रमाणित बियाण्यासाठी 500 मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी 1000 मीटर अंतर सांगितले आहे. आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीत हे एकट्याला जमणारे नाही, गावाने मिळून ठरवावे लागेल.

ओल्या मातीत घाई करावी की थांबावे, या पेचातून उत्तर युरोपातले साखरबीट उत्पादकही मार्च-एप्रिलात जातात. माती थंड आणि ओली. घाईने यंत्र घातले तर ती दबते, पेरणीनंतर जोराचा पाऊस आला तर वर पापुद्रा धरून अंकुर आत अडकतो, आणि थांबावे तर वाढीचे दिवस घटतात. खाराबाबतही हे पीक काही शिकवते. बीट हे मूळचे समुद्रकाठचे झाड. वाढलेले बीट मातीच्या अर्कातील मीटरला 7 डेसिसायमनपर्यंतचा खार उत्पादन न घटता सोसते, पण उगवताना त्याच्या निम्म्या खारानेही अडखळते. कांद्याची मर्यादा मुळात जेमतेम 1.2. खाडीजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ होऊ लागते तसे आधी रोपांचे शेंडे करपतात. म्हणून खारेपाटालगतच्या मंडळींनी पहिले पाणी देण्यापूर्वी विहिरीचे पाणी तपासून घ्यावे.

लावणीत 15 बाय 10 सेंटिमीटरचे अंतर धरले तर गुंठ्याला सहा हजारांवर रोपे बसतात. शंभरात पंधरा गेली की गुंठ्यामागे जवळजवळ हजार कांदे कमी, आणि मोकळ्या जागेशेजारचे कांदे मोठे झाले तरी त्यांत जोडकांदे जास्त निघतात. माळेत त्यांना भाव नाही. नांगे भरायचे तर आठ-दहा दिवसांच्या आत, त्याच वयाच्या रोपांनी. त्यासाठी वाफ्याचा एक कोपरा राखून ठेवावा.

मानांकनाच्या नावाने प्रदर्शने, खोकी आणि चिकटपट्ट्या यांवर खर्च होतो आहे. त्यातला काही भाग दर गावी एका सामाईक रोपवाटिकेवर, तिच्या कमानी-प्लास्टिकवर आणि शुद्ध बियाण्याच्या एका राखीव शेतावर व्हावा, अशी आमची कृषी विभागाकडे आणि उत्पादकांच्या संघटनांकडे मागणी आहे. बियाण्यासाठीचे निवडक कांदे आत्ताच जमिनीत जाण्याची वेळ आहे. कोणत्या गावाने कोणते शेत राखायचे, हे याच महिन्यात ठरायला हवे.