जीममधली सुई आणि डॉक्टरांपुढचे ‘ना’



लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत आता गल्लोगल्ली जीम झाल्या आहेत. मुले व्यायाम करू लागली याचा आम्हाला आनंदच आहे. खानदेशातून आलेल्या आपल्या वाडवडिलांचे आयुष्य लूमवर आणि मिलमध्ये बारा-बारा तास उभे राहण्यात गेले, त्यांना कुठली तालीम आणि कुठला खुराक! पण हल्ली गोष्ट पावडरीच्या डब्याशी थांबत नाही. डब्यानंतर गोळी येते, गोळीनंतर सुई, आणि ती देणारा बहुधा डॉक्टर नसतो.

यावर काही पालकांचे म्हणणे असे की, कंपन्यांत नोकरीआधी नशेची तपासणी होते तशी शाळेनेही मोठ्या मुलांची लघवी तपासावी. हेतू चांगला आहे, पण आम्हाला हा उपाय मान्य नाही. नोकरीच्या ठिकाणची नेहमीची तपासणी गांजा, अफूचे पदार्थ, कोकेन, अँफेटामिन, झोपेच्या गोळ्या हे शोधते. विमान वाहतुकीत ३१ जानेवारी २०२२ पासून कर्मचाऱ्यांची अचानक चाचणी घेण्याचे नियम लागू झाले, त्यांची यादीही साधारण अशीच आहे. टेस्टोस्टेरॉन किंवा नॅन्ड्रोलोन त्या साध्या पट्टीवर दिसतच नाही. त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळेसारखी यंत्रणा लागते. म्हणजे सुई घेणारा मुलगा ‘स्वच्छ’ ठरेल, घरचे निर्धास्त होतील, आणि खोकल्याचे कोडीनयुक्त औषध घेतलेला बिचारा मात्र अडकेल.

तपासणी कडक असली तरी खरे-खोटे सहज सुटत नाही. नरसिंग यादव आठवा. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला, महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी असलेला हा मल्ल २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी ७४ किलो गटात निवडला गेला होता. त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टिरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे. १ ऑगस्ट २०१६ रोजी ‘नाडा’ने ते मान्य करून त्याला मोकळे केले. १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओतच क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. नमुन्यातील प्रमाण पाहता औषध गोळीच्या रूपात आणि एकाहून अधिक वेळा घेतले गेले असावे, असे लवादाचे मत पडले. घातपाताचा दावा नरसिंगने सोडला नाही. आम्ही न्यायाधीश नव्हे. पण खेळाडूच्या शरीरात जे सापडते त्याची जबाबदारी त्याचीच, हा नियम जिल्हा पातळीवर खेळू पाहणाऱ्या आपल्या मुलांनीही आजच समजून घ्यावा.

आता डॉक्टरांच्या खोलीत या. सुरतेत डॉक्टर विचारतात, “बीजी कोई दवा चाले छे?” आपला मुलगा म्हणतो, “ना.” बरेचदा तो खोटे बोलत नसतो. आपल्या घरात औषध म्हणजे आजारपणात घेतात ते, जीममधली सुई ही ‘ताकद’! शिवाय शेजारी आई किंवा वडील बसलेले. हे ‘ना’ फार महागात पडते. रक्तात यकृताचे आकडे वाढलेले दिसतात आणि डॉक्टर कावीळ शोधत बसतात. रक्तदाब का चढला ते कळत नाही. बाहेरून हार्मोन मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते, म्हणून सुई सोडताच थकवा आणि उदासी येते, आणि मुलाला त्यासाठी भलतीच गोळी मिळते. वाढत्या वयात हाडांची टोके लवकर जुळून उंचीच खुंटू शकते. पुढे मूल होण्यात अडचण येते, ती वेगळी. मेफेंटरमाइन तर भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणण्याचे इंजेक्शन, तेही मुले जोर यावा म्हणून टोचून घेतात. अशा मुलावर उद्या अपघातात शस्त्रक्रियेची वेळ आली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक नको का? आणि एकच सुई दोघा-तिघांनी वापरली असेल, तर हिपॅटायटिस आणि एचआयव्हीची तपासणी कोण सुचवणार?

मोठ्यांची अडचण निराळी, आणि ती आम्हाला खरी वाटते. हजिऱ्याकडे किंवा सचिनला नोकरीसाठी मेडिकलला बसलेला तरुण विचार करतो, खरे सांगितले तर नोकरी जाईल. त्याने एवढे ध्यानात घ्यावे की कंपनीचे डॉक्टर कंपनीला अहवाल देतात, आपले डॉक्टर देत नाहीत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने सांगितलेली गोष्ट डॉक्टरांनी गुप्त ठेवायची असते. न्यायालयाचा आदेश, दुसऱ्याला गंभीर धोका, कळवणे बंधनकारक असलेला रोग, असे मोजकेच अपवाद. तेव्हा मेडिकलच्या आधीच आपल्या डॉक्टरांकडे जावे, जे घेतले त्याची बाटली किंवा वेष्टन सोबत न्यावे. कंपनीच्या अर्जात चालू औषधांचा रकाना असतो, तोही खरा भरावा. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध आधी नोंदवलेले असले की नंतर संशय घेतला जात नाही.

विश्वस्त मंडळाला आमची सूचना अशी. दरवर्षीच्या आरोग्य तपासणीत नववीपासूनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला डॉक्टरांशी दहा मिनिटे एकट्याने बोलू द्यावे. पालक बाहेर, शिक्षकही बाहेर. डॉक्टर मराठी किंवा अहिराणी समजणारे असावेत आणि त्यांनी “औषध घेतोस का” एवढेच न विचारता “जीममध्ये काय देतात” असे विचारावे. मुलाच्या जिवाला धोका दिसला तर घरी कसे कळवायचे ते डॉक्टर त्या मुलाशी बोलून ठरवतील, शाळेकडे मात्र कोणतीही चिठ्ठी येऊ नये. मुलींनाही यातून वगळू नये, वजन उतरवण्याच्या गोळ्यांचे प्रकार आमच्या कानावर आले आहेत. खर्च फार नाही. लघवीच्या पट्ट्यांसाठी जी रक्कम लागली असती, ती याकडे वळवता येईल.