गुण आला, पण कशाला?

'औषधाला गुण आला, म्हणजे निदान बरोबरच होतं ना!' हे वाक्य या आठवड्यात पुन्हा कानावर आलं आणि डोकं फिरलं. एका वाचकाने वडिलांची फाईल दाखवली. साठी उलटलेली, डोळ्यांपुढे काळ्या माश्या फिरतात, नजर धुरकट. कागदावर शेरा 'युव्हायटिस', म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. स्टिरॉइड सुरू केलं की नजर निवळायची, डोस उतरवला की पुन्हा धुकं. मधे टीबीची मॅन्टू चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून टीबीच्या गोळ्याही झाल्या. आपल्याकडे धडधाकट माणसाचीही ती पॉझिटिव्ह येते, पण ते असो. अखेर निघाला व्हिट्रिओरेटिनल लिम्फोमा, म्हणजे डोळ्याच्या आत वाढणारा, बहुधा बी-पेशींचा कॅन्सर.

स्टिरॉइडवरचा माझा राग जुनाच आहे. दुकानदार गोळ्या-बिस्किटांसारखे ते ड्रॉप्स विकतो, हेही लिहून झालंय. पण इथे खरी मेख वेगळी आहे. स्टिरॉइडने सूज उतरते तशा लिम्फोमाच्या पेशीही मरतात, काही काळापुरत्या. म्हणजे गुण दोन्हीकडे येतो. मग त्या गुणाने सिद्ध काय झालं? शून्य!

फरक शोधायचा तर दुसरीकडे बघा. डोळ्यातल्या जेलीत पेशींची एवढी गर्दी असलेला सुजेचा रुग्ण सहसा बेजार असतो. बऱ्याचदा पडद्याच्या मध्यभागी पाणी साचतं आणि वाचणं अवघड होतं. लिम्फोमात डॉक्टरला आत धुकं दिसतं आणि समोरचा माणूस तक्त्यावरच्या ओळी अपेक्षेपेक्षा बऱ्या वाचतो! डोळा बहुतेक वेळा लालही नसतो, दुखतही नाही. ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये, मध्यभाग अनेकदा कोरडा, मात्र पडद्याच्या तळाशी बारीक उंचवटे. तक्ता आणि धुकं यांचा मेळ बसत नाही, तिथेच थांबायला हवं. आपण थांबत नाही, डोस वाढवतो.

खात्री करायची तर डोळ्यातल्या जेलीची बायोप्सी लागते. पण बायोप्सी म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, मग ती पुढे ढकलली जाते. केली तरी स्टिरॉइड चालू असताना केली की अनेकदा पेशी सापडत नाहीत आणि रिपोर्ट 'नॉर्मल'! या पेशी फार नाजूक. सिरिंज लगेच लॅबमध्ये पोचली नाही तर आत नुसता चुरा. नमुन्यात इंटरल्युकिन-१० हे इंटरल्युकिन-६ पेक्षा जास्त निघालं किंवा एमवायडी८८ जनुकातला बदल सापडला, तर संशयाला बळ मिळतं. पण त्यासाठी आधी नमुना घ्यायला हवा.

हा आजार डोळ्यापुरता राहत नाही, निम्म्याहून अधिक रुग्णांत पुढेमागे मेंदूतही सापडतो. औषधं आहेत: मेथोट्रेक्सेट आहे, रिटुक्झिमॅब आहे. गेलेला वेळ मात्र कोणत्याच इंजेक्शनात मिळत नाही.

तेव्हा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच युव्हायटिस झाला असेल आणि डोस उतरवताच परत येत असेल, तर औषध स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा: डोळ्याची बायोप्सी आणि मेंदूचा एमआरआय कधी करायचा?