टाकीतला मका आणि खळ्यावरची ज्वारी



कोकणातल्या भातशेतकऱ्यांना भेटायला माणगावी गेलो होतो. मुंबई-गोवा रस्त्यावर गाड्यांची रांग हलेना. त्यातल्या पेट्रोल गाड्यांच्या टाकीत आज जवळपास पाचवा हिस्सा इथेनॉल असते. धूर कमी, तेलाची आयात कमी. चांगलेच आहे. पण या टाकीचा हिशेब कोणाच्या खळ्यावर होतो?

डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली. कारखाने मक्याकडे वळले. अनेक बाजारांत मका हमीभावाच्या वर गेला. २०२२-२३ मध्ये ३० लाख टनांहून अधिक मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार, युक्रेनहून मका आणू लागला. शेतकऱ्याच्या हाती चार पैसे दिसताच, जून २०२४ मध्ये सुमारे ५ लाख टन मका ५० ऐवजी १५ टक्के शुल्कात आणायची मुभा निघाली. भाव चढला की आयात. पडला की शेतकऱ्याचे नशीब!

मक्याचे इथेनॉल काढून उरणारा चोथा स्वस्त पशुखाद्य म्हणून विकला जातो. त्याने सोयापेंडीचे गिऱ्हाईक तोडले. आता फेब्रुवारी २०२६ च्या भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात हाच चोथा आणि पशुखाद्याची लाल ज्वारी यांवरील शुल्क कमी किंवा रद्द करण्याची भाषा आहे. म्हणजे गोष्ट थेट आपल्या ज्वारीपर्यंत आली.

अमेरिकेचा एक तृतीयांशाहून अधिक मका इथेनॉलमध्ये जातो. उद्या विजेच्या गाड्या वाढून पेट्रोल कमी खपले, तर तो मका गिऱ्हाईक शोधत जगभर फिरेल. तेव्हा आपल्या बाजाराचे काय?

म्हणून कपाशी मोडून सगळे रान मक्याखाली घालू नका. तुऱ्याच्या वेळी पावसाने ताण दिला तर मका जातो. ज्वारी तग धरते, शिवाय कडबा देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने इथेनॉलसाठी 'मधुरा' ही गोड ज्वारी काढली. इथेनॉलच्या धोरणात गोड ज्वारीचे नाव आहे; मग कोरडवाहू ज्वारीला प्रत्यक्षात अधिक जागा का मिळू नये?

आपली मागणी भिकेची नाही. भाव चढताना आयात करून तो पाडू नका, एवढेच.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने गेल्या ३ वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या आणाव्यात. भाषणापेक्षा त्या जास्त बोलतील.